व्यायामाचे भांडवल : आरंभीचा क्रम की प्रगत क्रम?

नवी पेढी उघडणारा व्यापारी प्रथम आपले भांडवल मोजतो, मग माल भरतो. पदरी शंभर असता हजाराचा सौदा करणारा मनुष्य शहाणा म्हणवत नाही. परंतु हाच हिशेबी मनुष्य घरच्या घरी व्यायाम करावयाचे मनात आणतो, तेव्हा आपल्या देहाची शिल्लक न पाहता एकदम मोठा सौदा करून बसतो. अलीकडे घरबसल्या व्यायाम शिकविणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर सहज मिळतात. त्यांत काही क्रम नवशिक्यांसाठी असतात व काही मुरलेल्यांसाठी. यांपैकी आपला कोणता, हे कसे ठरवावे याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

हा विषय आम्ही स्वानुभवावरून निवडला आहे. तरुणपणी आम्ही तालमीत जात असू. शंभर जोर व दोनशे बैठका हा नित्याचा पाठ होता. पुढे पेढीचा व्याप वाढला आणि वीस वर्षे गादीवरून उठणे झाले नाही. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा उमेद आली आणि ‘आम्ही काही नवशिके नव्हे’ या भ्रमात आम्ही प्रगत क्रमाला हात घातला. आठव्या दिवशी गुडघा सुजला व ऐन दिवाळीच्या हंगामात तीन आठवडे पेढी चिरंजीवांच्या हवाली करावी लागली. चूक सर्वस्वी आमचीच होती. जुन्या खतावणीतील शिल्लक आम्ही चालू वर्षाची समजून चाललो होतो.

नवशिका कोणास म्हणावे? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात याचे उत्तर आहे. ज्याने स्नायूंना बळ देणारा व्यायाम कधी केलाच नाही तो तर नवशिका होयच. परंतु ज्याच्या व्यायामात कित्येक वर्षांचा खंड पडला, तोही नवशिकाच. या संस्थेच्या मते नवशिक्याने असा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस करावा. मुरलेल्याने चार-पाच दिवस केला तरी चालेल.

असा भेद का करावा लागतो? आरंभीच्या काही आठवड्यांत जी शक्ती वाढलेली भासते, ती मुख्यतः मज्जातंतूंना स्नायूंकडून काम करवून घेण्याची सवय झाल्यामुळे. स्नायू पुष्ट होण्यास त्याहून अधिक काळ लागतो आणि स्नायू हाडाशी जोडणारे कंडरे तर त्याहूनही सावकाश बळकट होतात. म्हणून उत्साह पुढे धावतो आणि सांधे मागे राहतात. नव्या व्यायामाने येणारा ठणका एक ते तीन दिवसांत अधिक जाणवतो व पुढे आपोआप ओसरतो. त्याचे भय नको. परंतु सवय नसता एकाच दिवशी शेकडो बैठका काढल्यास क्वचित स्नायूंचे तंतू मोडून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात व मूत्रपिंडांवर आघात होतो. लघवी काळपट तांबडी होऊ लागली तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

आपली शिल्लक मोजण्याची एक सोपी रीत सांगतो. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पूर्ण उठावे व बसावे. ३० सेकंदांत साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषास असे किमान १४ वेळा व त्याच वयाच्या स्त्रीस १२ वेळा जमले पाहिजे. याहून कमी जमत असेल तर आरंभीच्या क्रमाखेरीज दुसरा विचारच नको. वय याहून कमी असूनही इतके जमत नसेल, तर सावधगिरी अधिकच बाळगावी.

आरंभीचा क्रम म्हणजे हलका-फुलका खेळ असा समज करून घेऊ नये. जोर हा एकच प्रकार घ्या. भिंतीला हात टेकून तो केला असता भार अगदी थोडा पडतो. गुडघे टेकून केल्यास देहाच्या वजनाच्या सुमारे निम्मा, आणि पूर्ण जोरात सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे घरात एकही वजन न आणता पायऱ्या तयारच आहेत. आठ ते बारा आवर्तने नीट होऊ लागली आणि त्यावर आणखी एक-दोन सहज निघू लागली, की पुढच्या पायरीवर पाय ठेवावा, तोवर नव्हे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला, तो सूर्यनमस्कारही याच रीतीने, थोड्या संख्येपासून वाढवीत न्यावा.

प्रगत क्रमाचा अधिकार केव्हा येतो? निदान सहा महिने खंड न पाडता व्यायाम झाला, कोठेही दुखापत नाही, आणि थकल्यावरही अंगस्थिती बिघडत नाही, असे तिन्ही जमले तर प्रगत क्रम खुशाल हाती घ्यावा. तो सर्वांनी घेतलाच पाहिजे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम व दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढेच आहे. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत धाप लागणे म्हणजे मध्यम श्रम. झपझप चालूनही हे साधते.

आपल्या घरांतून उपवासांची परंपरा आहे. उपवासाच्या व पारण्याच्या दिवशी व्यायाम अगदी हलका ठेवावा किंवा वर्ज्य करावा. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभच करू नये. भगिनींनी व वडीलधाऱ्यांनी हा विषय तरुणांचा म्हणून दूर सारू नये. उतारवयात तोल जाऊन पडण्याचे भय बळकट पायांनीच कमी होते.

सारांश, थोड्या भांडवलावर सचोटीने चालविलेली पेढी टिकते व वाढते. उसन्या भांडवलावरील सट्टा बुडवितो. आमचा गुडघा आता बरा आहे. गेली दोन वर्षे आम्ही भिंतीपासून आरंभ करून जमिनीपर्यंत पोहोचलो आहोत, आणि जमाखर्चाच्या वहीप्रमाणे रोजची आवर्तनेही टिपून ठेवतो. सर्व सभासद बंधुभगिनींनी येत्या पाडव्याला नव्या वहीबरोबर अशी एक छोटी वहीही घालावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.