जहाजावरची टीप : बक्षीस की मेहनताना?

सप्टेंबर 2021 पासून मुंबई बंदरातून कॉर्डेलियाचे जहाज गोव्याला आणि लक्षद्वीपला जाऊ लागले, आणि आपल्या ओळखीपाळखीतली कुटुंबेही क्रूझवर दिसू लागली. कोणी दुबईला किंवा सिंगापूरला नातेवाइकांकडे जातात आणि तिथून चार-पाच दिवसांची समुद्राची सहल जोडून घेतात. परत आल्यावर जेवणाच्या, समुद्राच्या गप्पा रंगतात. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "टीपचे पैसे परस्पर खात्यावर लावले होते, आम्ही काउंटरवर जाऊन ते काढून टाकले."

असे काढून टाकलेले पैसे कोणाचे होते, हे समजून घ्यायला हवे.

मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर 'ग्रॅच्युइटी' म्हणून तुमच्या खात्यावर लागतात. चौघांचे कुटुंब, पाच रात्री, तर हिशोब 320 डॉलरच्या वर जातो. एवढा आकडा पाहून कोणीही दचकेल. पण हा पैसा केबिन साफ करणारा स्टुअर्ड, जेवण वाढणारे वेटर आणि पडद्यामागे राबणारे इतर कामगार यांच्यात वाटला जातो. त्यांचा मूळ पगार तुटपुंजा असतो. कंपनी नोकरीवर घेतानाच या टीपचा हिशोब कमाईत धरते. म्हणजे आपण ज्याला बक्षीस समजतो, तो त्या माणसाच्या पगाराचाच मोठा भाग असतो.

रूम सर्व्हिसची गोष्ट थोडी वेगळी आहे. केबिनमध्ये ट्रे आणून देणारा मुलगा बहुतेक वेळा तुमचा नेहमीचा स्टुअर्ड नसतो. रात्री एक वाजता बाळासाठी गरम दूध मागवले, तर चार मजले उतरून ते आणणारा माणूस दुसराच असतो. काही जहाजांवर रूम सर्व्हिसच्या बिलात शुल्क आणि त्यावर 18 टक्के किंवा अधिक सेवा आकार आधीच धरलेला असतो. तसा असेल तर वेगळे काही द्यायचे बंधन नाही. जिथे ही सेवा मोफत आहे, तिथे ट्रे ठेवताना दोन ते पाच डॉलर हातात देण्याची रीत आहे. म्हणून आधी बिल वाचावे. आपल्या लोकांची आणखी एक गरज असते. गोश्त हलाल आहे का, तेल कोणते, जिलेटिन तर नाही ना, हे विचारायला तो मुलगा दोनदा-तीनदा स्वयंपाकघरात जाऊन येतो. ही खास मेहनत कुठल्याच बिलात दिसत नाही.

आता कामाचे तास पाहा. सागरी कामगारांसाठी 2006 साली आंतरराष्ट्रीय करार झाला. तो 2013 मध्ये लागू झाला आणि 2015 मध्ये भारतानेही स्वीकारला. त्यानुसार 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. म्हणजे एखाद्या दिवशी चौदा तास काम केले तरी ते नियमात बसते. करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्यात आठवड्याच्या सुट्टीचा वार सहसा नसतो. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे याच करारानुसार मना आहे. तरीही दलाल घेतात, आणि मग पहिल्या काही महिन्यांची कमाई कर्ज फेडण्यातच जाते.

"कंपनीनेच पूर्ण पगार द्यावा, आमच्या डोक्यावर का?" हा सवाल रास्त आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये रोजची टीप बंद करून ती रक्कम भाड्यातच धरली. व्हर्जिन व्हॉयेजेस ही कंपनीही सुरुवातीच्या काळात वेगळी टीप घेत नसे. सगळ्यांनी असेच करावे, असे माझे मत आहे. पण काउंटरवर जाऊन टीप काढून टाकल्याने कंपनीला धडा मिळत नाही. फटका बसतो तो चादर बदलणाऱ्याला.

आणि हा चादर बदलणारा आपल्याला परका नाही. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली. गोव्याच्या घराघरांतून स्टुअर्ड गेले. 2020 च्या लॉकडाउनमध्ये प्रवासी उतरले आणि हजारो कामगार जहाजांवरच अडकून पडले. 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरचे जवळपास दीडशे भारतीय मुंबईसमोर समुद्रात थांबले होते. एप्रिलच्या शेवटी परवानगी मिळाली तेव्हा ते किनाऱ्यावर आले. क्रूझ थांबल्या आणि टीपही थांबली, तेव्हा कित्येक घरांत चूल कशी पेटवायची, हा प्रश्न उभा राहिला.

काही जण टीपला सदका म्हणतात, कोणी ती जकातीत धरू पाहतो. ज्याने काम केले त्याचा मोबदला हा त्याचा हक आहे, तो जकातीत धरता येत नाही. देताना उपकाराचा सूरही नको.

निघण्यापूर्वी एक आणि पाच डॉलरच्या नोटा थोड्या जास्त घ्याव्यात. परकी नाणी देऊ नयेत, ती बदलून घेणे कामगारांना जवळपास अशक्य असते. स्टुअर्डला जास्तीचे काही द्यायचे असेल तर शेवटच्या रात्री पाकिटात घालून स्वतः त्याच्या हातात द्यावे. आपोआप लागलेली टीप काढून रोख देण्याचा मार्ग मात्र टाळावा. काही कंपन्यांत असे रोख पैसे कामगाराला सामायिक निधीत जमा करावे लागतात, आणि कपडे धुणाऱ्यासारखे न दिसणारे लोक तुमच्या हातून सुटतात ते वेगळेच. सहल संपल्यावर कंपनी अभिप्राय विचारते, त्यात त्याचे नाव अचूक लिहावे. बढती आणि पुढचा करार ठरताना हे अभिप्राय पाहिले जातात, म्हणून नावाच्या पट्टीवरचे स्पेलिंग पहिल्याच दिवशी टिपून ठेवलेले बरे.