प्रत्येक घराचा झोका वेगळा

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा प्रश्न गेली तीन वर्षे चालू होता आणि तो अडला होता एका सहीवर. ती सही आमच्या आईची. पुण्यातल्या आमच्या जुन्या तीन मजली इमारतीच्या जागी चौदा मजली इमारत उभी राहायची होती आणि आमच्या वाट्याला अकरावा मजला यायचा होता. वाहनतळ, उद्‌वाहन, वाऱ्याची झुळूक, सारे काही तिला सांगून झाले. तिचे उत्तर ठरलेले. "जमीन हलली म्हणजे काय होते ते तुम्ही पाहिलेले नाही. मी पाहिले आहे."

तिने पाहिले होते ते ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. तिचे माहेर पाटणच्या बाजूचे, कोयनेच्या खोऱ्यातले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. पहाटे सव्वाचारच्या सुमारास घर गदगदा हलले, माजघरातली पितळी भांड्यांची उतरंड कोसळली आणि आजोबांनी पोरांना अक्षरशः ओढून अंगणात आणले. दगडी भिंतींचे माजघर बसले. नवल म्हणजे लाकडी खांबांवरची पडवी मात्र करकरत उभी राहिली. "एकाच घराचा एक भाग पडला आणि दुसरा राहिला. असे का?" हा प्रश्न तिने आयुष्यभर पुष्कळांना विचारला. कोणी म्हणाले दैव, कोणी म्हणाले कुलस्वामिनीची कृपा. आम्ही पडलो भाषेचे प्राध्यापक. आम्हांला अलंकार विचारा. भूकंपात भिंत का पडते ते आमच्या अभ्यासक्रमात नाही.

या प्रश्नाचे उत्तर अखेर मिळाले ते गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी. बहीण ओवाळायला आली, तिच्याबरोबर आमचा भाचाही आला. तो स्थापत्य अभियंता आहे. इमारतींचे सांगाडे संगणकावर उभे करायचे आणि ते पडतात का ते पाहायचे, हा त्याचा उद्योग. फराळ झाल्यावर मी त्याला हळूच म्हटले, "अरे, आजीला तूच काहीतरी सांग."

त्याने सांगितले नाही, करून दाखवले. मुलांनी केलेले तीन लहान आकाशकंदील त्याने उतरवले आणि झाडूच्या काठीला बांधले. एकाची दोरी चार बोटांची, दुसऱ्याची वीतभर, तिसऱ्याची मीटरभर. मग काठी आडवी धरून तो म्हणाला, "आजी, ही काठी म्हणजे जमीन आणि हे तीन कंदील म्हणजे तीन घरे. बुटके, मधले आणि उंच. आता बघ."

त्याने काठी भराभर हिसकावली. आखूड दोरीचा कंदील वेड्यासारखा नाचू लागला. लांब दोरीचा मात्र जवळजवळ जागेवरच राहिला. मग त्याने काठी संथपणे, झोपाळ्याच्या लयीत हलवली. आता लहानगा मुकाट्याने काठीबरोबर येत-जात होता आणि मीटरभर दोरीचा कंदील असा उसळला, की त्याने बहिणीच्या हातातले तबक उडवले.

"प्रत्येकाचा झोका वेगळा आहे, आजी. वीतभर दोरीचा कंदील सुमारे एका सेकंदात जाऊन परत येतो, चौपट लांबीच्या दोरीचा दोन सेकंदांत. घरांचेही तसेच. बुटके, ताठ घर सेकंदाच्या लहानशा भागात हलून परत येते. उंच इमारत सावकाश डोलते. जमिनीचा हिसका ज्याच्या लयीशी जुळला, त्याची धडगत नाही."

पाळण्याला ताल धरून दिलेला लहानसा धक्काही तो केवढा उंच नेतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. आईच्या चेहऱ्यावरून दिसले, की तिला पुढचे आपोआप कळले होते. "म्हणजे त्या पहाटेचे हिसके जलद होते?"

"फार जलद होते," भाचा म्हणाला. कोयना धरणाच्या पोटातल्या बोगद्यात त्या वेळी एक नोंदयंत्र बसवलेले होते. त्याने त्या पहाटेची जमिनीची थरथर टिपून ठेवली आणि ती नोंद पुढे जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासली. अशा जलद हिसक्यांत बुटकी, ताठ घरे सर्वांत जास्त हादरतात. त्यातून दगडी भिंतीला वाकणे ठाऊक नसते. ती एकदम फुटते. लाकडी खांबांची पडवी लवचीक असते, तिचा झोका संथ असतो, सांधे करकरतात आणि धक्क्याचा जोर खाऊन टाकतात. आईच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले सरळ उत्तर. ती काही बोलली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली.

आता या कंदिलांचे शास्त्र कसे झाले ते ऐका. समजा, काठीला तीनच्या ऐवजी शंभर कंदील बांधले, प्रत्येकाची दोरी थोडी थोडी वाढवत नेली, एका खऱ्या भूकंपाप्रमाणे काठी हलवली आणि प्रत्येक कंदिलाला बसलेला मोठ्यात मोठा झटका टिपून ठेवला. आडव्या रेषेवर प्रत्येकाच्या झोक्याचा काळ मांडला आणि उभ्या रेषेवर तो झटका, म्हणजे जी वक्ररेषा मिळते तिला अभियंते 'रिस्पॉन्स स्पेक्ट्रम' म्हणतात. आपण प्रतिसादपट म्हणू. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तंत्रसंस्थेत मॉरिस बायो या मूळच्या बेल्जियन विद्वानाने १९३२ सालच्या आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली. पुढे १९४१ साली त्याने पीळ दिलेल्या लोलकाचे एक यंत्र वापरून अशा वक्ररेषा काढल्या. जॉर्ज हाउसनर याने मग वेगवेगळ्या भूकंपांच्या दातेरी रेषांची सरासरी काढून गुळगुळीत रेषा तयार केली; कारण उद्याचा भूकंप कालच्या भूकंपाची नक्कल करीत नाही.

आपल्याकडची भूकंपविषयक मानक संहिता, आय. एस. १८९३, पहिल्यांदा १९६२ साली निघाली. तिच्या नकाशात तेव्हा देशाचे सात विभाग होते. कोयनेने शहाणपण शिकवल्यावर १९७० साली नकाशा फिरून आखला गेला आणि विभाग पाच झाले. तरीही ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्री, सारे दमून झोपलेले असताना किल्लारी हादरली तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात मोडत होता. त्या पहाटे जवळजवळ आठ हजार माणसे गेली, बरीचशी स्वतःच्याच घराच्या जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली. मी तेव्हा शाळेत होतो. घरोघर फिरून आम्ही कपडे गोळा केले होते. २००२ साली नकाशा पुन्हा बदलला, विभाग चार झाले आणि किल्लारीचा भाग वरच्या विभागात गेला. नकाशावरची प्रत्येक रेषा अशी कोणाच्या तरी घराची किंमत मोजून सरकलेली आहे.

"पण आमच्या इमारतीचे काय?" आईने मुद्द्यावर बोट ठेवले.

भाच्याने आपला छोटा संगणक उघडला. पडद्यावर खांब-तुळयांचा एक पिंजरा दिसला आणि शेजारी आकड्यांचे दोन स्तंभ. डावीकडे झोक्याचा काळ, उजवीकडे झटका. हाच तो प्रतिसादपट, संगणकाला कळेल अशा भाषेत. २०१६ च्या संहितेतले आकडे घेऊन त्याने हिशेब मांडला. आमची जुनी, दहा मीटर उंचीची इमारत साधारण ०.४२ सेकंदाच्या झोक्याची. मध्यम जमिनीवर तिचा आकडा २.५. नवी, ४५ मीटर उंचीची इमारत सुमारे १.३ सेकंदांची, तिचा आकडा १.०५ च्या आसपास.

आई चकित झाली. "म्हणजे उंच घराला धक्का कमी?"

"वजनाच्या मानाने कमी. पण ती डोलते जास्त आणि तिचे वजनही जास्त. शिवाय एक मोठी मेख आहे. जमीन कोणती? तेच उंच घर खडकावर असेल तर आकडा ०.७७, आणि मऊ भरावावर असेल तर १.२८. दीडपटीहून अधिक! जुन्या घराला हा फरक फारसा पडला नसता, नव्याला पडतो."

मग त्याने मेक्सिको शहराची हकिगत सांगितली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी भूकंप झाला तो तिथून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर, समुद्रकाठी. पण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या लयीत थुलथुलू लागला, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या ज्या इमारतींचा झोका त्या लयीच्या जवळ होता, त्याच अधिक कोसळल्या. शेजारची बुटकी घरे मात्र पुष्कळ ठिकाणी शाबूत राहिली.

संगणकाला एवढे सांगून भागत नाही. उंच इमारत नुसती एकाच तऱ्हेने डोलत नाही. हातात धरलेली दोरी हलवली तर ती कधी सबंध झुलते, कधी नागमोडी होते, तशी इमारतही हलते. या सगळ्या तऱ्हा धरत जायच्या, निदान शेकडा ९० वजन हिशेबात येईपर्यंत. आणि त्यांचे झटके एकाच क्षणी येत नाहीत म्हणून सरळ बेरीज करायची नाही. वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचे. ३ आणि ४ मिळून ७ नव्हे, ५. आमच्या काळी गणिताच्या मास्तरांनी असे उत्तर दिल्याबद्दल छडी दिली असती! कंदिलाच्या शेपट्यांमुळे झोका लवकर शमतो, तसे इमारतीतही झोका शमवणारे गुण असतात. त्यासाठी काँक्रीटला सामान्यतः शेकडा ५ धरतात.

"आणि हे सगळे संगणक बरोबर करतो?" मी विचारले.

भाचा जरा थांबला. म्हणाला, "मामा, संगणक सांगितलेले बरोबर करतो. सांगणारा चुकला तर चूकही तो बिनचूक करतो."

मग त्याने आपल्याच पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगितली. संहितेतले आकडे गुरुत्वाच्या पटीत असतात. संगणकाला ते मीटर-सेकंदांच्या मापात द्यायचे तर ९.८१ ने गुणावे लागते. गुणकाच्या चौकटीत ९.८१ लिहायच्या ऐवजी याने १ तसाच राहू दिला. संगणकाने हूं की चूं केले नाही. भूकंपाचा जोर जवळजवळ एक-दशांश झाला, सगळे खांब 'पास' झाले, तुळया सडपातळ निघाल्या आणि हा स्वतःवर खूश! वरिष्ठांनी नकाशा पाहिलाही नाही. एवढेच विचारले, "पायाशी आडवा जोर किती येतो?" याने आकडा सांगितला. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब केला. वजनाच्या शेकडा २ यायला हवा होता, तो शेकडा पावसुद्धा नव्हता. संहितेचाही हाच दंडक आहे. संगणकाचा जोर साध्या सूत्राच्या जोरापेक्षा कमी आला, तर तो त्या सूत्राइतका वाढवून घ्यायचा. पण तो ताडून पाहणारा माणूस लागतो.

"नाहीतर त्या घरात कोणीतरी राहायला गेले असते," आई म्हणाली. भाच्याने मान खाली घातली.

थोड्या वेळाने तिने आणखी एक विचारले. "एवढे सगळे बरोबर केले, तर भूकंपात आपल्या घराला काही होणार नाही?"

"होईल, आजी. मोठ्या भूकंपात भिंती तडकतील, तुळयांनाही भेगा जातील. वाकावे पण मोडून पडू नये, असा हिशेब असतो. घर निकामी झाले तरी माणसे जिवंत बाहेर यावीत, इतकेच वचन आहे."

मला वाटले, हे ऐकून ती आता साफ नकार देणार. पण खोटा धीर देणाऱ्यांपेक्षा हा मुलगा तिला अधिक विश्वासाचा वाटला असावा. तिने मला कागद-पेन्सिल आणायला सांगितले आणि भाच्याकडून प्रश्न लिहून घेतले. मातीची तपासणी झाली का आणि जमीन कोणत्या प्रकारची निघाली? संगणकात तोच प्रकार घातला आहे का? पायाशी येणारा जोर सूत्राशी ताडून पाहिला का? तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडून वाहनतळ करणार, तर त्याला बळकटी कशी देणार? (२००१ च्या भुजच्या भूकंपात दूरच्या अहमदाबादेतही अशा मोकळ्या तळमजल्यांच्या इमारती बसल्या होत्या.) आणि शेवटचा, हे सारे विकासकाच्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणा जाणत्याने तपासले आहे का?

पुढच्या सर्वसाधारण सभेत आईने तो कागद वाचून दाखवला. रंग, फरश्या आणि चटईक्षेत्रावर दोन-दोन तास भांडणारी आमची सभा पाच मिनिटे गप्प होती. विकासकाच्या प्रतिनिधींनी खर्च वाढेल असे सांगून पाहिले. अखेर सोसायटीच्या खर्चाने एक स्वतंत्र अभियंता नेमायचे ठरले. प्रत्येक घरामागे आलेला खर्च एका दिवाळीच्या फराळाहून फार जास्त नव्हता. त्याच्या तपासणीत निघाले, की ओढ्याच्या बाजूचा आमचा कोपरा भरावाचा आहे आणि हिशेबात मात्र जमीन सरसकट मध्यम धरली होती. आकडा बदलला, त्या बाजूचे खांब जाड झाले, पाया खाली मुरमापर्यंत गेला. दिवाणखाना अर्ध्या फुटाने आखूड झाला म्हणून शेजारचे गृहस्थ अजून कुरकुरतात.

आईने सही केली. करताना म्हणाली, "माजघराच्या भिंती उभारल्या तेव्हा असे विचारायला हवे होते. पण तेव्हा कोणाला विचारणार?"

यंदाची दिवाळी आमची भाड्याच्या जागेत आहे. मुलांनी कंदील केले आहेत. आईने त्यातला एक मुद्दाम लांब दोरीवर बांधायला लावला आहे आणि येता-जाता ती त्याला बोटाने हलकेच ढकलून मनातल्या मनात सेकंद मोजते.