११,३७९ रुपयांचा प्रचार

निवडणुकीच्या दिवसांत खडवलीहून कल्याणकडे जाणारी सकाळची लोकल पकडली की पेपर विकत घ्यावा लागत नाही. ‘पेड न्यूज म्हणजे खोटी बातमी’, ‘छुपा कॅमेरा लावल्याशिवाय काही सिद्ध होत नाही’, ‘आणि सिद्ध झालं तरी आपल्याला कोण कागद दाखवतंय?’ टिटवाळा येईपर्यंत सगळ्या देशाचा निकाल लागलेला असतो. बोलणाऱ्यांचा राग खरा असतो, माहिती मात्र अर्धी.

पेड न्यूजपासून सुरुवात करू. अशा बातमीतला शब्दन् शब्द खरा असू शकतो. उमेदवाराने रस्ता केला असेल, सभेला गर्दीही झाली असेल. लबाडी मजकुरात नसते, त्याच्या वेशात असते. पैसे घेऊन छापलेला मजकूर ‘जाहिरात’ असं न लिहिता बातमी म्हणून दिला जातो. त्यात वाचक फसतो, आणि दुसरी फसवणूक सरकारदरबारी होते, कारण हा खर्च उमेदवाराच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

हा प्रकार एकदा उघडपणे दिसला, तोही महाराष्ट्रात. ऑक्टोबर २००९च्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या दिवसांतले मराठी पेपर गोळा करून समोर मांडले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत चव्हाणांचं कौतुक करणारा तोच मजकूर अक्षरशः जसाच्या तसा आला होता, आणि वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांना एकाच वेळी नेमके तेच शब्द सुचणं हा योगायोग फार मोठा. ‘अशोकपर्व’ नावाने पानंच्या पानं निघाली होती. अशी ४७ पूर्ण पानं साईनाथ यांच्याकडे जमली. मग त्यांनी दुसरा कागद काढला, उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशेब. त्यात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीवर ६,००० रुपये. बेरीज ११,३७९.

बस्स, एवढंच. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात हिशेब. कॅमेरा नाही, खबऱ्या नाही. दोन्ही कागद उघड्यावर पडलेले होते. ते शेजारी ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पैसे दिल्याचा आरोप चव्हाण यांनी फेटाळला. आणि इथे डब्यातली आणखी एक समजूत दुरुस्त करायला हवी, की ‘पेड न्यूजमुळे ते अपात्र ठरले’. ठरले नाहीत. हिशेब वेळेत दिला की नाही एवढंच न पाहता तो खरा आहे का, हेही निवडणूक आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४मध्ये स्पष्ट केलं. हा निकाल महत्त्वाचा, कारण तारखेला कागद दिला की सुटलो, असं म्हणायची सोय त्याने ठेवली नाही. जुलैत आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचं ठरवून नोटीस बजावली, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवडणूक होऊन तेव्हा जवळपास पाच वर्षं झाली होती.

मग अपात्र कुणीच ठरलं नाही का? ठरलं. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने ऑक्टोबर २०११मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. हिशेबात न दाखवलेली रक्कम होती २१,२५० रुपये. भोकर आणि बिसौली ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की माझ्या मनात जे येतं ते वाचकांच्याही येईलच.

प्रेस कौन्सिलचं म्हणाल, तर तिच्या दोन सदस्यांनी २०१०मध्ये पेड न्यूजवर ७१ पानी अहवाल माध्यमांच्या नावांसकट लिहिला. कौन्सिलने नावं गाळून छोटा अहवाल मान्य केला. मोठा अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर आला तो केंद्रीय माहिती आयोगाच्या २०११च्या आदेशामुळे.

‘उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे ना, मग एवढा पैसा कुठून दिसतो?’ मर्यादा आहे, पण उमेदवाराला. महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या खर्चाला कमाल मर्यादाच नाही.

पैशाचा दुसरा रस्ता म्हणजे लॉबिंग, सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्याचे प्रयत्न. हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, आणि ते बेकायदा आहे असंही धरून चालतात. भारतात लॉबिंगला बंदी घालणारा कायदा नाही, तसा त्याची नोंद ठेवायला लावणारा कायदाही नाही. अमेरिकेत तशी नोंद सक्तीची आहे. म्हणूनच वॉलमार्टने लॉबिंगवर केलेल्या खर्चाच्या विषयांत भारतातली परकी गुंतवणूकही होती, हे आपल्या संसदेला २०१२च्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटकडच्या कागदांतून कळलं. घर आपलं, खबर शेजाऱ्याच्या वहीतून! गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली गेली. अशी नोंद आपण मात्र आजही ठेवत नाही.

खडवलीसारख्या गावात आणखी एक घोळ होतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा-विधानसभेचा आयोग वेगळा. तक्रार चुकीच्या दारात टाकली की ती तिथेच पडून राहते.

राहता राहिला कागद दाखवण्याचा प्रश्न. लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. आमच्यासाठी ते ठाण्याचे जिल्हाधिकारी. तो हिशेब पाहायला पत्रकार असावं लागत नाही, वकील असावं लागत नाही. १९६१च्या निवडणूक नियमांनी कोणत्याही व्यक्तीला तो अधिकार दिला आहे, आणि पाहण्याचं शुल्क ठेवलं आहे एक रुपया. खडवली ते ठाणे लोकलचं तिकीट त्याहून महाग आहे. जाताना निवडणुकीच्या आठवड्यातली पेपरांची रद्दी तेवढी बरोबर न्यायची.