संगणकाचे वेळापत्रक

कन्नडहून चाळीसगावकडे जाताना औट्रम घाट उतरावा लागतो. रस्ता अरुंद आणि वळणे अवघड. पूर्वी मालाने भरलेले ट्रक एकामागून एक घाटात शिरले, की मागून येणारी एस.टी.ची गाडी अडकून पडे. त्या गाडीत कोणी आजारी माणूस असे, कोणी परीक्षेला निघालेला असे. त्यांना तातडी असे; ट्रकातील माल मात्र दोन तास उशिरा पोहोचला तरी बहुधा चाले. तरीही खोळंबा सर्वांचाच होई.

संगणकाचेही असेच आहे. तो कितीही वेगवान असला, तरी त्याच्या शक्तीला मर्यादा असते. पुष्कळ कामे एकाच वेळी त्याच्यापुढे आली, की प्रत्येक काम रेंगाळू लागते.

कन्नडमधील एखाद्या बँकेचे उदाहरण घ्या. सकाळचे अकरा वाजले आहेत. एक शेतकरी मका विकून आलेले पैसे भरीत आहे. त्याच्यामागे एक आजीबाई निवृत्तिवेतन काढण्यासाठी उभ्या आहेत. प्रत्येक व्यवहाराची नोंद बँकेच्या दूरच्या मध्यवर्ती संगणकात तत्काळ व्हावी लागते. कारण समोर माणूस ताटकळत असतो.

परंतु त्याच संगणकाला दुसरीही कामे असतात. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज रोजच्या शिलकेवर मोजले जाते. समजा, खात्यात १०,००० रुपये आहेत व व्याजाचा दर दर साल दर शेकडा ३ रुपये आहे. तर एका दिवसाचे व्याज सुमारे ८२ पैसे होते. हिशेब लहानसा खरा, पण तो लक्षावधी खात्यांचा करावयाचा असतो! तो ऐन अकरा वाजता सुरू केला, तर आजीबाईंना रांगेतच तिष्ठत राहावे लागेल. म्हणून अशी पडद्यामागची कामे गर्दी ओसरल्यावर, बहुधा रात्री, आपोआप सुरू होतील अशी योजना केलेली असते.

या कामांनाही क्रम असतो. प्रथम दिवसभराच्या नोंदींचा मेळ घालावयाचा, मग व्याज मोजावयाचे, त्यानंतर अहवाल तयार करावयाचे. मेळच चुकला असेल, तर पुढील काम थांबवावे लागते. नाही तर एका चुकीतून शेकडो चुका जन्मतात. शिवाय सर्व कामे बाराच्या ठोक्याला सुरू केली, तर रात्रीही घाटासारखीच कोंडी होईल. म्हणून त्यांच्या वेळा पुढेमागे ठेवतात.

ही युक्ती नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सी.डी.सी. ३६०० हा प्रचंड संगणक आला. तेव्हा संशोधक आपली गणिते भोके पाडलेल्या कार्डांवर देत, ती कामे रांगेने चालविली जात आणि उत्तरे मागाहून मिळत.

आता मात्र रात्रही पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाही. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठविण्याची एन.ई.एफ.टी. ही सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालू आहे. तीत आलेल्या मागण्या दर अर्ध्या तासाला एकत्र निकालात काढल्या जातात. म्हणजे दिवसाला ४८ वेळा. म्हणून मोठ्या कामांचे लहान लहान भाग करून ते अधूनमधून उरकावे लागतात.

तुमच्या घरी आई रात्री दुधाला विरजण लावते आणि कडधान्य भिजत घालते. त्यामुळे सकाळच्या धांदलीत तिचे हात मोकळे राहतात. बँकेच्या संगणकाकडूनही हेच करवून घेतले जाते. आजीबाईंच्या हाती वेळेवर पैसे पडतात आणि त्या दुपारच्या गाडीने गावी परततात. त्यांच्या वाटेतले काम कोणीतरी विचारपूर्वक रात्रीवर टाकलेले असते, हे त्यांना ठाऊकही नसते.

स्वाध्याय
१. व्याजाचा हिशेब दिवसा का करीत नाहीत?
२. पडद्यामागच्या कामांना क्रम का लागतो?
३. तुमच्या घरातील कोणती कामे आदल्या रात्री करून ठेवता येतील? यादी करा.