मार्शमेलो : घरच्या चुलीवर

कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ साली पंडितांना अग्रहार म्हणून दिले. तेथे सोवळेओवळे पाळणाऱ्या एका घरी मी पाहुणा असताना नातवाने मार्शमेलोचा हट्ट धरला. त्यातील जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होते, हे कळताच आजीबाईंनी तो पदार्थ उंबऱ्याबाहेरच थोपविला.

परंतु या मिठाईचे मूळ वनस्पतीतच आहे. युनानी वैद्यकातील खतमी ही दलदलीत वाढणारी, भेंडीच्या कुळातली वनस्पती. तिच्या मुळाचा बुळबुळीत रस साखरेत घोटून पूर्वी ही मिठाई करीत. जिलेटिन मागाहून आले. मग दुसऱ्या वनस्पतीचे साहाय्य घेण्यास हरकत कसली?

काबुली चणे शिजविल्यावर उरलेले पाणी आटवून अर्धी वाटी करावे. ते गार झाल्यावर लिंबाचे चार थेंब घालून, पांढराशुभ्र फेस होईपर्यंत विजेच्या रवीने घुसळावे. एक वाटी साखर, एक वाटी पाणी व दोन चमचे चायना ग्रासची पूड उकळून दाट पाक करावा आणि कढत असतानाच बारीक धारेने फेसात ओतीत घुसळीत राहावे. हात चपळ हवा. कारण समुद्रशेवाळापासून होणारे चायना ग्रास सुमारे ४० अंशांवरच गोठते. मात्र एकदा गोठल्यावर ते ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. कावेरीकाठच्या उन्हाळ्याची त्याला भीती नाही. तासाभराने वड्या कापून पिठीसाखरेत घोळवाव्यात.

जिलेटिनची लवचीकता त्यांना येत नाही, हे खरे. पण आजीबाईंनी पहिली वडी देवापुढे ठेवली आणि दुसरी नातवाच्या हातावर.