जागलीला जाताना अंग कोरडे ठेवा

हरभरा घाट्यावर आला, ज्वारी हुरड्यात आली, की रानडुकरांपायी रात्री जागलीला जावेच लागते. घरून निघताना स्वेटर, कानटोपी, वर घोंगडी असा सगळा जामानिमा चढवून आपण झपाझपा चालतो. माळ्यावर पोचेपर्यंत बनियन घामाने चिंब! चालताना ते कळत नाही. एकदा बसलो, की हुडहुडी भरते. घाम सुकताना अंगातली ऊब घेऊन जातो. त्यात ओले कापड अंगाला चिकटलेले. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने निघून जाते.

म्हणून निघताना थोडी थंडी वाजली तरी वाजू द्या. अंगात सदरा पुरे, घोंगडी खांद्यावर राहू द्या. पाव तास आधी निघा आणि सावकाश चाला. एक कोरडी बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या. पोचल्याबरोबर अंग पुसून ती घाला, मग घोंगडी पांघरा. सुती कापड भिजले की ऊब धरत नाही, लोकर ओलसर झाली तरी बरीच धरते. जुनी माणसे घोंगडी उगाच वापरत नव्हती.

रात्री फेरी मारताना हरभऱ्यातून आडवे जाऊ नका, दवाने पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. बांधावरून फिरा. बसायला खाली कडबा अंथरा.

काहीजण ऊब यावी म्हणून घोटभर दारू घेतात. तिने कातडी गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर पडते. आणि खोपीचे दार लावून आत शेगडी ठेवून निजू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.