परमुलखात जेवावे कुठे?

'देश तसा वेश' असे आपण सहज म्हणतो. वेशाचे एक वेळ जमून जाते, पोटाचे जमवणे अवघड. आणि आज हा प्रश्न केवळ शहरी लोकांचा राहिलेला नाही. महाड-पोलादपूरकडची माणसे पूर्वी मुंबईला जात. आता कोणी आखातात नोकरीला असतो, कोणाची मुलगी परदेशी शिकते, कोणी गुरुजी निवृत्तीनंतर सहलीबरोबर सिंगापूर पाहून येतात. परत आल्यावर विचारावे, "तिकडे काय जेवलात?" तर उत्तर येते, "पनीर आणि जिरा राईस!" सहलवाल्यांनी केलेल्या या सोयीला मी नावे ठेवीत नाही. वयस्क, पथ्याच्या माणसाला ती हवीच. पण ज्या मुलखात आठ दिवस काढले, तिथला कष्टकरी दुपारी काय खातो हे न कळताच परतायचे म्हणजे देऊळ बाहेरूनच पाहून येण्यासारखे झाले.

मग तिथले खरे जेवण मिळते कुठे? त्याची परीक्षा आधी आपल्याच दारात करून पाहू. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना पाट्या वाचा: मालवणी, पंजाबी, चायनीज. मालवण राहिले दूर सिंधुदुर्गात, पंजाबचे तर विचारूच नका! यात हॉटेलवाल्याची लबाडी नाही. वाटसरू एकदा येतो, पुन्हा येईलच असे नाही. तेव्हा त्याच्या ओळखीचे नाव पाटीवर लावणे भाग पडते. या भागातली तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले खायचे, तर पाटी सोडून माणसाला विचारावे. बाजारातल्या हमालाला, यष्टीच्या वाहकाला विचारावे. प्रश्नही नीट विचारावा. "इथे चांगले हॉटेल कोणते?" म्हटले की तो तुमच्या कपड्यांकडे पाहून महागडे नाव सांगेल. "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" असे विचारा.

सारी मेख इथे आहे. ज्याला उद्याही तिथेच जेवायचे आहे, तो खरा परीक्षक. आमटी पातळ झाली की तो कुरकुरतो, मीठ चुकले तर बोलून दाखवतो. त्याच्या धाकाने चव टिकते.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी अशाच टिकल्या. घाटावरून, कोकणातून आलेले गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून राहत आणि महिन्याच्या बोलीवर कुणा बाईकडे जेवत. या बायांना बँकेचे कर्ज मिळावे, सावकाराचा पाश सुटावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. जेवणारा आणि रांधणारी पुष्कळदा एकाच मुलखातली. म्हणून परळ-लालबागेतही गावाकडची चव मिळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, रोजचे पंगतकरी पांगले आणि त्यांच्यावर चालणाऱ्या चुलीही थंडावल्या.

फ्रान्समध्ये हेच तत्त्व मोटारवाल्यांनी वापरले. मिशलँ या टायर कंपनीची प्रवासपुस्तिका १९०० साली निघाली, आणि पुढे तिचे तारे मोठमोठ्या उपाहारगृहांना मिळू लागले. पण १९३४ पासून तिथे मालमोटारी हाकणाऱ्यांसाठी 'ले रुतिए' नावाची वेगळी चळवळ सुरू झाली. रस्त्याकडेच्या खाणावळीवर तिची तांबडी-निळी गोल पाटी असली, की ड्रायव्हराने समजावे, इथे पोटभर आणि परवडेल असे मिळेल. मला विचाराल तर ताऱ्यांपेक्षा ही गोल पाटी आपल्या कामाची.

सिंगापूरला जाणाऱ्यांनी तिथली 'हॉकर सेंटरे' चुकवू नयेत. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने १९७१ ते १९८६ या काळात नळ-गटाराची सोय असलेल्या मोठ्या छपरांखाली आणले. एकेक गाळेवाला एक-दोनच पदार्थ करतो, तेच वर्षानुवर्षे. २०२० साली युनेस्कोने या खाद्यपरंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. जपानमध्ये तर लिपी न येणाऱ्याचीही सोय असते; पुष्कळ ठिकाणी काचेमागे पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. बोट दाखवले की झाले. दारावर कापडी पडदा टांगलेला दिसला, तर दुकान उघडे आहे असे समजावे. भात, सूप, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ असे ताट दुपारी मिळते, आपल्या राइसप्लेटचे भावंडच म्हणा ना!

मात्र वेळ पाळावी. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोननंतर. बारा वाजता जो तुम्हाला आग्रहाने बोलावतो, तो परक्यांसाठीच बसला आहे असे खुशाल समजा. पदार्थांची यादी चार पानी नसावी. आणि शाकाहारी मंडळींनी एक जपावे: 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. जपानी सुपात माशाचा अर्क असतो, थाई भाजीत माशाचे पाणी. 'मासे, अंडी, मांस काहीच नको' असे त्या भाषेत कागदावर लिहून घ्यावे.

आता एक कडू गोष्ट. रोजचा गिऱ्हाईक चव राखतो, तसा कधी दारही अडवतो. आपल्याकडे कित्येक खाणावळी एकेका जातीपुरत्याच होत्या, चहाची कपबशी वेगळी ठेवीत. महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, ते हेच दार उघडण्यासाठी. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात उपाहारगृहे आणि तळी, दोन्हींची नावे एकाच कलमात शेजारी-शेजारी आहेत. तेव्हा 'अस्सल घरगुती' अशी पाटी वाचताना, तिथे कोणालाही बसता येते ना, हेही पाहावे.

राहता राहिले आपले कुडपण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, प्रतापगडाच्या शेजारचे हे गाव. पावसाळ्यात धबधबे पाहायला शहरातली मंडळी तिथे येतात, आणि त्यांच्या दृष्टीने तोही परमुलूखच. अशा डोंगरगावी पाटी शोधू नये. आदल्या दिवशी निरोप द्यावा, किती माणसे ते सांगावे, घरात असेल ते चालेल म्हणावे आणि पैसे विचारून, घासाघीस न करता द्यावेत. पाहुणा पनीर मागतो असे दिसले की घरची बाई नाचणीची भाकरी पुढे करायला लाजते. मग तालुक्याहून पनीर येते, डोंगरावरची नाचणी-वरी मागे पडते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. आपल्या उताराच्या शेतात ती आधीपासूनच आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक काम सुचवतो. मुलांकडून महिनेवार वही करून घ्या: आषाढात घरी कोणती रानभाजी शिजते, कार्तिकात काय, कोणती भाकरी, कोणाच्या हातची. टाकळा, भारंगी, कुर्डू ही नावे मुलांनी आजीला विचारून लिहावीत. वही शाळेत ठेवावी. उद्या एखादा पाहुणा "तुम्ही काय जेवता?" असे विचारीत आला, तर ती त्याच्या हाती देता येईल.